वाट्याला आलेल्या पार्टनर

हॉस्टेलच्या दोन याद्या लागतात. पहिली निवड यादी. तिच्यात नाव, टक्के, प्रवर्ग, जिल्हा सगळं असतं आणि ती बघायला आईबाप, काका, सोबत आलेला शेजारी असे सगळे बोर्डापुढे गर्दी करतात, मोबाइलने फोटो काढतात, लगेच नातेवाइकांना फोन जातात की लागला बरं का नंबर. दुसरी यादी खोल्यांची. ती नंतर कधीतरी एका आखीव कागदावर पेनाने लिहून ऑफिसच्या दाराला चिकटवलेली असते, नाव आणि खोली नंबर, बाकी काहीच नाही, आणि तिच्याकडे धड कोणी बघत पण नाही. माझं म्हणाल तर आयुष्याला वळण द्यायचं काम ही दुसरी यादीच करते. पहिलीने तुम्हाला नागपुरात आणलं, एवढंच.

आणि ही दुसरी यादी कोणी फार डोकं लावून केलेली असते असंही नाही. आमच्याकडे ज्या क्रमाने फीची पावती फाटली त्या क्रमाने खोल्या. वर्धा, भंडारा, उमरेडच्या मुली सकाळी ऑफिस उघडायच्या आधी दारात हजर, त्यांना तळमजला, पहिला मजला, खिडकीपुढे कडुनिंब. आम्ही लांबच्या, पहाटेची एसटी पकडून पण दुपारीच पोचणाऱ्या, आम्हाला वरचा मजला, शेवटची खोली, पश्चिमेची खिडकी आणि डोक्यावर थेट स्लॅब. ऑगस्टमध्ये, पाऊस सुरू असताना, कोणालाच त्याचा अर्थ कळत नाही, उलट हवा छान येते म्हणून आम्ही खूशच होतो. अर्थ एप्रिलमध्ये कळतो. त्याच्यावर येतेच पुढे.

ही २०१५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. मेट्रोचं तेव्हा नुसतं खोदकाम सुरू झालं होतं. वणीहून वरोरा, जाम, बुटीबोरी करत आमची एसटी गणेशपेठला लागली, बाबांच्या खांद्यावर गादीची वळकटी, माझ्या हातात बादली आणि बादलीत मग, मगमध्ये कपडे धुवायचा साबण, चिमटे, एक कुलूप. बाहेर ऑटोवाल्याला हॉस्टेलला जायचं म्हटलं तर तो म्हणतो, "कोणतं, एमएलए हॉस्टेल का?" आता नागपूरकरांना यात काही वाटत नाही, सिव्हिल लाइन्सला आमदार निवास आहे आणि डिसेंबरात अधिवेशन आलं की अख्ख्या शहराला तेच एक हॉस्टेल आठवतं, पण गादी खांद्यावर घेतलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे कमाल आहे. बाबा म्हणाले, "एवढं कुठं नशीब भाऊ, पोरीचं हॉस्टेल आहे." तो हसला आणि नंतर त्याने पैसे पण जरा कमीच घेतले.

मग फॉर्म. रॅगिंगचं शपथपत्र असतं, मुलीचं वेगळं आणि पालकाचं वेगळं, यूजीसीच्या २००९ च्या नियमांपासून ते भरावंच लागतं, आणि आपल्या महाराष्ट्रात तर त्याच्याही आधीपासून १९९९ चा कायदा आहे ज्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बाबांनी ते सगळं ओळ न् ओळ वाचलं, चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, आणि "हे होते का इथं?" असं दबक्या आवाजात विचारलं. शेजारी उभी असलेली सीनियर म्हणाली, "काका, आमच्या इथं फक्त इंट्रो होते, गाणं म्हणायला लावतात." तेवढंच झालं पण. माझं गाणं इतकं वाईट निघालं की मलाच मधूनच थांबवलं.

खरी अडचण लोकल गार्डियनच्या रकान्याची. नागपुरात राहणारा कोणीतरी माणूस पाहिजे, त्याचा पत्ता, फोन, सही. आमचं बरं होतं, मानेवाड्याला बाबांच्या ऑफिसातल्या एकाचे साडू राहत होते, त्यांनी बिचाऱ्यांनी मला एकदाही न बघता सही केली. पण माझ्या मागे रांगेत एक मुलगी होती, तिच्या वडिलांना नागपुरात एक माणूस माहीत नव्हता. ते क्लार्कला सांगून राहिले होते की आम्ही सिरोंच्याचे, आमचं कोणी नाही इकडे, आणि क्लार्क म्हणे, "कोणीतरी असेलच नं हो, आठवा." गडचिरोलीच्या पार टोकाहून, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला आठवा म्हणणं. शेवटी गावातल्या गुरुजींच्या मेव्हण्याचा नंबर निघाला, तो हिंगण्याला कुठल्यातरी कंपनीत होता. ती मुलगी माझी पार्टनर होणार आहे हे तेव्हा मला माहीत नव्हतं, मी फक्त मनात म्हणत होते की लवकर आटपा, मला भूक लागली आहे.

खोलीत तीन लोखंडी पलंग, तीन कपाटं, एक टेबल, एक ट्यूबलाइट आणि एक पंखा जो दोनवर ठेवला काय न् पाचवर ठेवला काय एकाच चालीने फिरायचा. माझ्या कपाटाच्या दाराला आतून आधीच्या मुलीचं टाइमटेबल चिकटवलेलं होतं, हाताने आखलेलं, पहाटे साडेचारपासून सुरू होणारं. प्रत्येक तासाला विषय, आणि संध्याकाळी सहा ते साडेसहाच्या चौकोनात नुसतं "आई" असं लिहिलेलं. फोनची वेळ असणार. मी ते काढायला गेले तर अर्धं फाटून अर्धं तिथंच राहिलं, नेमका संध्याकाळचा भाग राहिला, मग मी त्याच्यावर माझं काही लावलंच नाही.

तिसरी लोणारची. म्हणजे बुलडाणा जिल्हा, विदर्भाचं पार दुसरं टोक, जिथून नागपूरपेक्षा औरंगाबाद जवळ. तिला पहिल्या दिवशी विचारलं की मग औरंगाबादला का नाही गेली, तर म्हणे, "मामा बोलले नागपूर, मंग नागपूर." आमच्या हॉस्टेलात नावाने कोणी कोणाला हाक मारतच नव्हतं, एकाच नावाच्या चार-चार मुली, त्यामुळे गावावरून सगळं चालायचं. मी वणीवाली, ती सिरोंचावाली, ती लोणारवाली. गंमत म्हणजे नागपूर विद्यापीठ १९२३ चं, पण आम्ही तिघींपैकी एकही त्याच्या हद्दीतली नाही. यवतमाळ, बुलडाणा १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठात गेले, गडचिरोली २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठात. कागदावर विद्यापीठ घराजवळ आलं, पण लोकांच्या डोक्यातलं नागपूर काही हललं नाही, शिकायचं म्हणजे नागपूर, दवाखाना म्हणजे नागपूर, लग्नाचा बस्ता म्हणजे नागपूर. म्हणून आम्ही तिघी त्या शेवटच्या खोलीत.

पहिल्या रात्री आईचा फोन. जेवली का, पाणी कसं आहे, गादी टोचत तर नाही, हे सगळं झालं. मग जरा थांबून, "पार्टनर कोण आहेत गं?" मी म्हटलं एक सिरोंच्याची, एक लोणारची. "ते झालं गं, पण कोण आहेत?" आता हा प्रश्न काय आहे ते महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला समजवून सांगायची गरज नाही. आई वाईट नाहीये. तिला मी सुखात राहावी असं वाटत होतं आणि तिच्या हिशोबात सुख म्हणजे आपल्यासारखी माणसं, तेच जेवण, तेच सण, तेच देव. मी म्हटलं माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं, खोल्यांच्या यादीत तो रकानाच नव्हता. लोणारवाली तेव्हा पलीकडच्या पलंगावर बसून पुस्तकाला कव्हर घालत होती आणि मला आजपर्यंत वाटतं की तिला फोनमधलं सगळं ऐकू जात होतं, कारण नंतर तिच्या वडिलांचा फोन आला तेव्हा तिने पहिला शब्द जरा जास्तच मोठ्याने उच्चारला, "जय भीम बाबा."

याच्यावर मी नंतर बरंच वाचलं, म्हणजे हॉस्टेल ही भानगड आपल्याकडे आली कशी त्याच्यावर. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं काढायला सुरुवात केली. पुढे मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य समाजातली मुलं, अशी समाजवार वेगवेगळी झाली, कारण मुलं शिकायला आली पाहिजेत ही घाई होती आणि त्या काळात एका पंगतीला बसायला घरचे तयार नव्हते. नंतर साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये जे बोर्डिंग काढलं त्यात सगळ्या जातींची मुलं एकत्र, एकत्र रांधायचं, एकत्र जेवायचं. १९२७ मध्ये गांधीजी तिथं येऊन गेले. आमच्या इकडे अमरावतीला पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं ते पण सगळ्यांसाठी. म्हणजे बघा, मुलांना झोपायला जागा देणं हा सोपा भाग होता. शेजारच्या पलंगावर कोण झोपणार आणि ताटाला ताट कोणाचं लागणार, सगळा जीव तिथं अडकलेला होता. आणि शंभर वर्षांनी आई फोनवर तेच विचारून राहिली होती, फक्त जरा आडून.

मेसबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण भारतातल्या सगळ्या मेसची आमटी एकाच नळातून येते. आलू-वांगं, आलू-कोबी, आलू-मटर, आणि मग नुसता आलू. रविवारी रात्री मेस बंद. त्या दिवशी आम्ही बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जायचो, मेन रोडला पाय दुखेपर्यंत फिरायचं, घ्यायचं काहीच नाही, मग गुपचूप, म्हणजे पाणीपुरी, खायचे आणि चालत परत. खोलीतलं खरं जेवण डब्यांमध्ये होतं. माझ्या आईची जवसाची चटणी, लोणारवालीच्या घरचा ठेचा जो उघडला की शेजारच्या खोलीतली मुलगी शिंकायची, आणि सिरोंचावालीचं आंब्याचं लोणचं, लालभडक, तेलात बुडालेलं, ते तिकडचं तेलंगणाच्या पद्धतीचं. ती घरी तेलुगू बोलायची. तिची आई रोज फोनवर पहिलं "तिन्नावा?" विचारायची, जेवलीस का, आणि महिनाभरात आम्ही तिघी एकमेकींना "तिन्नावा" विचारायला लागलो, लोणारवालीने तर ते तिच्या बाबांना पण विचारलं एकदा. घरी जायचं म्हणजे तिचा दोन राज्यांचा प्रवास. नागपूरहून रेल्वेने बल्लारशा, पुढे तेलंगणातलं मंचेरियाल, तिथून प्राणहिता ओलांडून परत महाराष्ट्रात. आपल्याच राज्यातल्या आपल्या घरी जायला दुसऱ्या राज्यातून जावं लागतं, आणि ती हे इतकं सहज सांगायची जसं आपण सांगतो की चौकातून उजवीकडे वळा.

दसरा आला. नागपुरात दसऱ्याला काय होतं ते मला माहीत होतं, म्हणजे टीव्हीवर बघितलेलं होतं. १९५६ च्या दसऱ्याला, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी इथं दीक्षा घेतली आणि तेव्हापासून दरवर्षी लाखो लोक येतात. आमच्या घरी त्या दिवसांत नागपूरला जायचं म्हटलं की एकच वाक्य असायचं, "आता नको, गर्दी असते." लोणारवालीचे आईबाबा, आजी, दोन काकू असे सगळे आले होते, एक रात्र एसटीत काढून. हॉस्टेलमध्ये पाहुणे चालत नाहीत, आणि तसंही ते कुठं हॉस्टेलला येणार होते, ते दीक्षाभूमीलाच थांबणार होते. ती निघाली आणि सहज म्हणाली, "येता का?" सिरोंचावाली लगेच चप्पल घालून तयार. मी आईला विचारते म्हणणार होते, मग म्हटलं जाऊ दे.

राहाटे कॉलनीपासूनच चालायला लागलो. मी इतकी माणसं एकदम कधी बघितली नव्हती, पण लक्षात राहिली ती गर्दी नाही, लक्षात राहिली पुस्तकं. रस्त्याच्या कडेला चादरी टाकून, टेबलं मांडून, नुसते पुस्तकांचे स्टॉल, आणि तिथं बायाबापड्या, पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या, कमरेचा बटवा सोडून पुस्तकं घेऊन राहिल्या होत्या. ज्या बाईला स्वतःला वाचता येत नाही ती नातवासाठी जाडजूड ग्रंथ घेऊन तो पिशवीत सगळ्यात खाली, चपटा, दुमडणार नाही असा ठेवते. आमच्या घरी आम्ही सगळे शिकलेले, आणि घरातलं पुस्तकांचं एकमेव कपाट म्हणजे माझी गाइडं. जागोजागी लोक अन्नदान करत होते, पाणी वाटत होते. पण लोणारवालीच्या आईने आम्हाला तिथं जेवू दिलं नाही, म्हणे माझ्या पोरीच्या मैत्रिणी आहेत, मी आणलं आहे. मैदानाच्या कडेला एका चादरीवर बसून ज्वारीची भाकर, ठेचा, वांग्याची सुकी भाजी, आणि तिने भाकर वाढताना एक क्षण माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मी खायला लागले तेव्हा दुसरी वाढली. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणणार नाही, कळलं होतं.

रात्री आईला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "भाकर ज्वारीची होती का बाजरीची?" आमच्या आईचं असं आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने डब्यात जवसाची चटणी भरली ती तिघींना पुरेल एवढी भरली, आणि वर सांगितलं की तुझ्या त्या लोणारवालीला तिखट लागते, तिची वेगळी बांधली आहे.

आता हे वाचून कोणाला वाटेल की हॉस्टेल म्हणजे फार भारी जागा. नाही हो. शेजारच्या खोलीत दोन मुली दिवाळीपासून पेपर संपेपर्यंत एकमेकींशी बोलल्या नाहीत, तिसरी बिचारी निरोप पोचवून पोचवून थकली आणि दुसऱ्या वर्षी पीजीत गेली. एकीचे पैसे गेले, कोणी घेतले ते कळलं पण सिद्ध झालं नाही. आणि गेट. आमचं गेट संध्याकाळी सातला बंद, मुलांच्या हॉस्टेलला गेट आहे हे मुलांना माहीत तरी होतं की नाही कोण जाणे. लायब्ररी आठपर्यंत उघडी आणि आम्ही सातच्या आत घरात. सव्वासातला आलं की रजिस्टरमध्ये कारण लिहायचं, आणि कारणात "लायब्ररी" लिहिलं तर मॅडम म्हणणार की सगळ्या हेच लिहितात. अहो मग सगळ्या तिथंच असतील नं. यावर मी अजून चिडू शकते, पण राहू दे.

कूलर. आता खरा विषय.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्या लोकांना सांगितलं की त्यांना वाटतं आपण फुगवून सांगतो. इथं पारा ४५ च्या वर जाणं ही बातमी नसते, आणि २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, नंतर हवामान खात्याने सांगितलं की सेन्सर बिघडला होता, पण खरं सांगू का, त्या दिवशी नागपुरातल्या कोणालाच तो आकडा खोटा वाटला नव्हता. आमची खोली वरच्या मजल्याची, पश्चिमेची. मार्च संपता संपता संध्याकाळी सहाला भिंतीला हात लावला तर भिंत गरम, आणि रात्री अकराला पण गरमच. परीक्षा एप्रिल-मेमध्ये. हॉस्टेलचे कूलर खालच्या मजल्यांवर कॉरिडॉरला, वर काही नाही, तुम्ही आणा आणि विजेचे वेगळे पैसे भरा. मग आम्ही तिघींनी पैसे काढून सीझनच्या भाड्याने एक कूलर आणला. पत्र्याचा, जुना, गंजलेल्या पायांचा. नवीन ताट्या लावल्या, त्या गवताचा पहिल्या दिवशी जो वास येतो त्याला विदर्भात उन्हाळ्याचा वास म्हणतात.

कूलर एक, खिडकी एक, पलंग तीन. इथं तुमची मैत्री, संस्कार, दसऱ्याची भाकर, सगळं बाजूला राहतं. कूलरचा झोत सरळ जातो, तो एका पलंगावर पूर्ण पडतो, दुसऱ्यावर अर्धा, आणि तिसऱ्यावर फक्त आवाज येतो. पलंग हलवून बघितले, तिरपे करून बघितले, दार उघडं ठेवलं तर हवा खेळते पण मच्छर येतात आणि समोरच्या खोलीतल्या मुली आमच्या कूलरकडे जावयासारख्या बघतात. तीन दिवस भांडणं. लोणारवाली म्हणे मला जास्त गरम होते, सिरोंचावाली म्हणे माझं वाचायचं सगळ्यात जास्त राहिलं आहे, मी म्हटलं कूलर ठरवायला मी गेले होते. शेवटी जे ठरलं ते असं की जी पाणी भरेल ती त्या रात्री समोर झोपेल.

आता पाणी भरणं म्हणजे काय, तर कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाच्या बाथरूममधून बादल्या आणायच्या, आणि नळाला वरच्या मजल्यावर रात्री नऊनंतर करंगळीएवढी धार. एका बादलीला पाच-सहा मिनिटं. टाकी भरायला इतक्या बादल्या लागायच्या की भरणारी घामाने ओली व्हायची आणि मग समोर झोपायचा हक्क तिचाच आहे यावर कोणाचं दुमत राहायचं नाही. त्यात कूलरचा पंप पहाटे कधीतरी हवा पकडायचा, पाणी ताट्यांवर पडणं बंद, नुसता गरम फुफाटा. मग अंधारात उठून मागच्या बाजूने पंपाला दोन थापा मारायच्या, कुठं मारायच्या ते फक्त सिरोंचावालीला जमायचं. ती झोपेतच उठायची, थापा मारायची, झोपायची. सकाळी विचारलं तर तिला आठवायचं पण नाही.

एका रात्री, माझा दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचा पेपर, पाणी लोणारवालीने भरलेलं होतं म्हणजे समोर ती झोपणार. मी वाचत वाचत टेबलावरच डोकं टेकलं. जाग आली तर थंड वाटत होतं. बघितलं तर कूलरचं तोंड वळवून टेबलाकडे केलेलं, आणि कूलर सरकू नये म्हणून पायाखाली माझीच केमिस्ट्रीची रेफरन्स बुक लावलेली, ती ओली होऊन फुगलेली. ते पुस्तक लायब्ररीचं होतं, दंड मी भरला. तिच्याशी भांडले पण. ती म्हणे, "झोपली तर होती नं मस्त?"

पार्टनर निवडून घेतलेली असती तर मी यांच्यातल्या एकीलाही निवडलं नसतं. निवडायला गेले असते तर माझ्या तालुक्यातली, माझ्या क्लासमधली, माझ्यासारखी बोलणारी मुलगी घेतली असती, आणि आम्ही दोघींनी मिळून बाकीच्यांना नावं ठेवली असती. माणूस निवडतो ते आपल्याच मापाचं. क्लार्कने पावत्यांच्या क्रमाने जे केलं ते मी स्वतः होऊन कधी केलं नसतं, आणि त्या क्लार्कला तर याच्यातलं काही माहीत पण नाही.

यंदा माझी भाची आली, मामेबहिणीची मुलगी, पांढरकवड्याहून. बहिणीचं म्हणणं की हॉस्टेलबिस्टेल नको, चांगली पीजी बघ, एसी असते, वायफाय असते, कपडे धुऊन मिळतात. मी बजाजनगर, शंकरनगर, प्रतापनगर, सगळं पालथं घातलं. एका ठिकाणी खोली खरंच छान होती, गाद्या जाड, बाथरूमला गिझर. काकू पण गोड बोलत होत्या. पहिलं विचारलं आडनाव काय. मग नॉनव्हेज चालणार नाही. मग निघताना माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "काळजी करू नका हो, पार्टनर मी तुमच्यातलीच बघून देते." मी काही बोलले नाही, भाची माझ्याकडे बघून राहिली होती. खाली आल्यावर ती म्हणाली, "मावशी, तुमच्यातली म्हणजे?" अठरा वर्षांची आहे, तिला कळत नसेल असं नाही, तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं.

पैशाचं पण बघा. ज्यांना सरकारी हॉस्टेल मिळत नाही त्या मुलांसाठी योजना आहेत, अनुसूचित जातींसाठी स्वाधार आहे, जमातींसाठी स्वयम आहे, आता ओबीसींसाठी आधार योजना आहे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार, त्यात ३२ हजार जेवणाचे, २० हजार राहण्याचे आणि ८ हजार वरखर्चाचे. राहण्याचे २० हजार म्हणजे महिन्याला १,७०० पण पडत नाहीत. तेवढ्यात नागपुरात एकट्याची खोली कुठं मिळते, चार पोरं मिळूनच घेतात, आणि चौघं एकाच गावची, एकाच समाजाची असतात, कारण दुसरा घरमालक दारात उभं करत नाही. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे तो आपल्यातला बघून घेतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला आपल्यातल्यांतच राहावं लागतं. अनोळखी माणसाच्या शेजारी झोपायची सोय आता फक्त हॉस्टेलच्या त्या पेनाने लिहिलेल्या कागदावर राहिली आहे, आणि तिथं पण मुली आधीच इन्स्टावर पार्टनर शोधून अर्ज देतात की आम्हाला एकत्र टाका.

भाचीने हॉस्टेल घेतलं. मी तिला नाही सांगितलं, तिनेच ठरवलं, फी कमी आहे हे पण होतंच. लोकल गार्डियन मी. परवा ऑफिसातून फोन आला की येऊन जा, सही राहिली आहे. गेले तर भाचीसोबत अजून दोघी उभ्या, एक किनवटची, एक सालेकशाची, दोघींचं नागपुरात कोणी नाही आणि फॉर्मचा तो रकाना रिकामा. भाचीने मला आधी काहीच सांगितलं नव्हतं, नुसती म्हणाली, "मावशी, यांचं पण कर नं, पेन आहे का?" मी क्लार्ककडे बघितलं. त्याने तिन्ही फॉर्म माझ्याकडे सरकवले. दोघींच्या फॉर्मवर पत्ता लिहिला, फोन लिहिला, सही केली, आणि विद्यार्थिनीशी नातं या रकान्याशी येऊन थांबले. म्हटलं, "इथं काय लिहू हो?"

"मावशी लिहा," तो दुसरी पावती फाडत म्हणाला. "सगळे तेच लिहितात."